बिडाचा नवा पिस्टन आणि एरंडेल: बांधून घेतलेल्या फॉक्स ३५ चा एका हंगामानंतरचा अनुभव

गेला पावसाळा ओसरल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून दुरुस्त करून, बांधून घेतलेलं माझं मॉडेल विमानाचं फॉक्स ३५ स्टंट इंजिन आता वळवाचे ढग दिसू लागेपर्यंत नियमित उडतंय. बांधलेल्या इंजिनाच्या रनिंग-इनला, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत जपून चालवताना, कुठलं तेल घ्यावं, असं विचारलं की उत्तर बहुतेक एखाद्या ब्रँडचं नाव असतं. इतके महिने वापरून माझं मत मात्र पक्कं झालंय. पिस्टन बिडाचा (कास्ट आयर्नचा) आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी, पोलादी असेल तर सुरुवातीला निव्वळ एरंडेलच द्यावं, हात आखडता न घेता द्यावं, आणि डब्यावरच्या नावापेक्षा आतलं एरंडेल कुठल्या प्रतीचं आहे ते बघावं.

हे इंजिन ज्यांनी हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फॉक्स ३५ हे कंट्रोल लाइनच्या, म्हणजे तारांना बांधून आपल्याभोवती गोल उडवायच्या मॉडेल विमानाचं अमेरिकन ग्लो इंजिन, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर पेटणारं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. क्षमता ०.३५ घनइंच, म्हणजे पावणेसहा सीसीच्या आसपास. पिस्टनला रिंग नाही. पिस्टन आणि लायनर एकमेकांत लॅप करून, म्हणजे बारीक पूड लावून घासून, बसवलेले असतात, आणि कॉम्प्रेशन धरतं ते या फिटिंगवर आणि मधल्या तेलाच्या पापुद्र्यावर. क्रँकशाफ्टलाही बॉल बेअरिंग नाही, साधा बुश आहे. म्हणजे या इंजिनात तेल नुसतं झीज थांबवत नाही, सील करायचं कामही तेच करतं.

माझ्या इंजिनाचा लायनर वरच्या बाजूला घासला होता. तो होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) त्याच्या मापाला नवा पिस्टन करायचा होता. कोल्हापुरात बिडाला तोटा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून रोज किती कास्टिंग बाहेर पडतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. चांगल्या ग्रे कास्टिंगमध्ये ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, त्या स्वतः थोडं वंगण देतात आणि तेलही धरून ठेवतात. अशा बिडाच्या एका तुकड्यातून उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी पिस्टन लेथवर काढला आणि हाताने लॅप केला. देताना ते म्हणाले, “मालक, वरच्या टोकाला जरा आवळूनच ठिवलाय. आत्ता सैल ठिवला तर म्हैन्यात कॉम्प्रेशन जाईल. पर तेल कमी पडलं तर पहिल्या दिवशीच पकडंल.” तेल निवडताना हे शेवटचं वाक्य मी सतत डोळ्यांसमोर ठेवलं.

एरंडेलच का, याचं उत्तर पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांमध्ये आहे. १९०९ च्या सुमारास आलेलं फ्रेंच ग्नोम, मग ले रोन, सॉपविथ कॅमल विमानातलं १३० अश्वशक्तीचं क्लर्जे, ही सगळी त्या घराण्यातली. यांचा क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला आणि सिलिंडरांचा अख्खा गोल पंख्याबरोबर गरगर फिरायचा. पेट्रोलचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये यायचं, म्हणजे वंगणाच्या जागीच पेट्रोल. साधं मिनरल तेल त्यात धुऊन निघालं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून ते भिंतींवर टिकायचं. वापरलेलं तेल परत टाकीत यायचं नाही. एकदा आत गेलं की एग्झॉस्टमधून बाहेर, थेट वैमानिकाच्या तोंडावर.

आता आपलं इंजिन बघा. क्रँकशाफ्ट इथे फिरतो, पण तोही पोकळ. मिश्रण त्यातूनच क्रँककेसमध्ये शिरतं आणि तेल इथेही एकदाच वापरलं जाऊन बाहेर पडतं. फरक इंधनात आहे, कारण आपण मिथेनॉल जाळतो. एरंडेलात रिसिनोलिक आम्लाचा वाटा ८५ ते ९० टक्के असतो आणि त्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्या गटामुळे एरंडेल धातूला चिकटून राहतं, पेट्रोलपासून लांब राहतं आणि मिथेनॉलमध्ये मात्र छान मिसळतं. तिकडे न विरघळण्याचा फायदा होता, इकडे विरघळण्याचा आहे, आणि दोन्हीच्या मुळाशी तो एकच गट. मोटारसायकलचं मिनरल टू-टी ऑइल मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, तळाशी वेगळं बसतं. ते वापरायचा विचारही करू नका.

एक शंका खऱ्या विमानांबद्दल वाचणाऱ्यांकडून हमखास येते. छोट्या विमानांचं लायकॉमिंग किंवा कॉन्टिनेंटल इंजिन ओव्हरहॉल झालं की सुरुवातीला डिस्पर्संट (मळ तरंगत ठेवणारं रसायन) नसलेलं साधं मिनरल तेल भरतात, साधारण ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत. मग आपणही कमी गुळगुळीत तेल का देऊ नये? कारण तिथे रिंगांना होन केलेल्या सिलिंडरवर घासून बसायचं असतं आणि तेल संपमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून, फिरत राहतं. आपल्याकडे ना रिंग, ना संप. लॅप केलेल्या पिस्टनला तेल कमी करून बसवायला गेलात तर तो बसण्याऐवजी ओरखडे पाडेल. त्याला हवेत उष्णतेचे फेरे: तापणं, पूर्ण गार होणं, पुन्हा तापणं. या फेऱ्यांत तेलाचा पापुद्रा जाड राहिला पाहिजे.

खरेदीचा भाग मात्र मला सविस्तर सांगायचाय, कारण सगळी मेख तिथे आहे.

घाण्यावरचं, पाण्यात उकळून काढलेलं एरंडेल लहान बाळाच्या टाळूला उत्तम, इंजिनाला नाही. त्यात पाण्याचा अंश राहतो आणि गाळही. केसांसाठी मिळणाऱ्या बाटल्यांत सुगंध आणि आणखी काय काय घातलेलं असतं, तेही नको. औषधाच्या दुकानातलं शुद्ध, बिनस्वादाचं एरंडेल चालतं, पण छोट्या बाटल्यांतून लिटरभर जमवणं महागात पडतं. लक्ष्मीपुरीत तेलाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी केली तर एरंडेलाच्या प्रती कळतात: कमर्शियल, फर्स्ट स्पेशल आणि बीएसएस. कमर्शियलचा रंग गडद, आम्लता जास्त. बीएसएस फिकट पिवळं, कमी आम्लतेचं, कमी ओलाव्याचं. बहुतेक माल गुजरातेतून येतो. जगात सर्वाधिक एरंडी आपल्याच देशात पिकते आणि त्यातली बहुतेक गुजरातेत, त्यामुळे चांगल्या मालाचा तुटवडा नाही. फक्त नाव घेऊन मागावा लागतो.

घेतलेल्या तेलाची परीक्षा घरीच होते. स्वच्छ, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत एक भाग एरंडेल आणि तीन भाग मिथेनॉल घाला, झाकण घट्ट लावून हलवा आणि रात्रभर उभं ठेवा. शुद्ध एरंडेल असेल तर सकाळी बाटली आरपार दिसते. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन यांपैकी काही मिसळलं असेल तर मिश्रण गढूळ होतं किंवा वेगळा थर धरतं, कारण ती तेलं मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. एका ठिकाणाहून आणलेल्या डब्याच्या तळाशी असा थर स्पष्ट दिसला आणि मी तो डबा इंजिनाजवळ नेला नाही. ही परीक्षा प्रत्येकाने प्रत्येक डब्याची घ्यावी, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

मिथेनॉल परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. ते विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात आणि जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मुलं सोबत असतील तर मिश्रण करायचं काम एकट्याने, मोकळ्या हवेत उरकावं, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहावं.

रनिंग-इनला मी लिटरमागे २८० मिली बीएसएस एरंडेल आणि ७२० मिली मिथेनॉल घेतलं, नायट्रो (ताकद वाढवणारं नायट्रोमिथेन) अजिबात नाही. इंजिन लाकडी ठोकळ्यावर बसवलं आणि नेहमीच्या १०×६ ऐवजी ९×६ पंखा (व्यास × पिच, इंचांत) लावला, म्हणजे भार कमी राहतो. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सुई, इतकी उघडी की इंजिन टू-स्ट्रोक असूनही एकाआड एक फेरीला पेटतं आणि आवाज जाड, अडखळता येतो. मिनिट-दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, हेडला हात लावून पूर्ण गार झालंय याची खात्री करायची, मगच पुढची खेप. पुढे हळूहळू नीडल क्षणभर आवळून आवाज टू-स्ट्रोकवर, म्हणजे प्रत्येक फेरीला पेटण्यावर, आणायचा आणि लगेच परत सोडायची.

प्रगती कळते ती एग्झॉस्टवरून. मी प्रत्येक खेपेला धुरासमोर मलमलचा पांढरा तुकडा धरायचो. पहिल्या खेपांना त्यावर पेन्सिलीच्या शिशासारखी करडी, चकचकीत झाक यायची. ती पिस्टन आणि लायनरची घासून निघालेली पूड. हळूहळू करडा रंग विरळ होत गेला, मग नुसती कडेला एक रेघ राहिली, आणि शेवटी कपड्यावर उरलं ते स्वच्छ, फिकट पिवळं तेल. ते दिसल्यावरच इंजिन विमानात चढवलं. मिनिटांच्या हिशेबापेक्षा माझा या कपड्यावर जास्त विश्वास आहे. हे सगळे तुकडे मी तारीख घालून ठेवलेत आणि नव्याने या छंदात येणाऱ्या मुलांना आवर्जून दाखवतो.

तपोवन मैदानावरच्या पहिल्या उड्डाणापासून आजवर इंजिन एकदाही पकडलेलं नाही. पंखा हाताने कॉम्प्रेशनवर आणून धरला तर आता रनिंग-इनच्या आधीपेक्षा जास्त वेळ दाब टिकतो, आणि तरी वरच्या टोकाला अडकत नाही. गरम असताना पहिल्या झटक्यात सुरू होतं. बुशमध्ये खेळ जाणवत नाही. याचं श्रेय मी निम्मं मिस्त्रीमामांना आणि निम्मं तेलाला देतो. एकदा टाकीची नळी सैल होऊन हवेतच मिश्रण लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, आवाज चिरका झाला आणि विमान उतरेपर्यंत इंजिन तापतच राहिलं. उतरल्यावर उघडून पाहिलं तर पिस्टनवर एकही ओरखडा नाही. एरंडेल अति तापलं की जळून जाण्याऐवजी त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते घट्ट होतं आणि काम करत राहतं. लीन इंजिनाला हीच गोष्ट वाचवते.

त्रासही आहे, आणि तो याच गुणातून येतो. घट्ट झालेलं एरंडेल धातूवर वार्निश होऊन बसतं. एग्झॉस्ट पोर्टमधून डोकावलं की पिस्टनच्या वरच्या कडेला तपकिरी पट्टा दिसतो. बिडाच्या पिस्टनला थोडं वार्निश फायद्याचंच, त्याने सील सुधारतो. पण थर वाढला की ओढ वाढते. म्हणून रनिंग-इननंतर मी एकूण तेल २५ टक्क्यांवर आणलं आणि त्यात निम्मं एरंडेल, निम्मं मिथेनॉलमध्ये मिसळणारं सिंथेटिक ठेवलं. पट्टा तेव्हापासून वाढलेला नाही. पूर्ण सिंथेटिकवर या इंजिनाला मी कधीच नेणार नाही. ते स्वच्छ जळतं हे खरं, पण पातळ असतं आणि तापल्यावर लवकर हार मानतं. रिंग नसलेल्या पिस्टनला आणि साध्या बुशला तो धोका परवडत नाही.

जानेवारीत पहाटे एरंडेल दाट होतं. तेव्हा नीडल थोडी जास्त उघडावी लागते, आणि ऊन चढलं की परत आवळावी लागते. विमानाच्या बाल्सावर जिथे रंग उडालाय तिथे तेल मुरतं आणि नंतर काही चिकटत नाही, त्यामुळे इंजिनामागचा भाग आधीच नीट सील करून घ्या. कपड्यांवरचा वास दोन धुण्यांत जातो. मला तो आवडतो, घरच्यांना नाही.

आता पावसाळ्याच्या तोंडावर: शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग पातळ मशीन ऑइलचे काही थेंब आत सोडून पंखा फिरवा आणि इंजिन पिशवीत गुंडाळून ठेवा. नुसतं एरंडेल आत राहिलं तर दसऱ्यापर्यंत त्याचा डिंक होतो. तसं झालंच तर पंखा जोर लावून फिरवू नका. हेअर ड्रायरने इंजिन गरम करा, डिंक आपोआप सुटतो.

आणि हे सगळं बिडाच्या पिस्टनपुरतंच. तुमच्याकडे एबीसी इंजिन असेल, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी लायनर, तर फार रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चालवू नका. ते लायनर तापल्यावरच योग्य मापाला येतात. थंड, अडखळत चालवलं तर वरची घट्ट जागा उगाच घासून जाते. त्यांना तेलात थोडं एरंडेल असू द्या, पण पहिल्या खेपेपासून टू-स्ट्रोकवर, चांगलं गरम चालवा.