नदीवरच्या अँगलिंग क्लबचं सदस्यत्व: एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये रेडिंग, वोकिंगम, स्लाउ या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गावाकडे गळ टाकायची सवय असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. केनेट, लॉडन आणि थेम्स या नद्यांचे काही पट्टे ताब्यात असलेल्या एका स्थानिक क्लबचं सदस्यत्व १६ जून ते १४ मार्च, म्हणजे नदीचा अख्खा हंगाम वापरून झालं. निकाल आधीच सांगतो. पैसे वसूल होतात, पण नुसतं मासे धरायला जाणाऱ्याचे अर्धेच. जो काठावरच्या कामाच्या दिवशी (याला इथे वर्क पार्टी म्हणतात) फावडं आणि करवत हातात घेतो, त्यालाच नदीचा तळ कळतो आणि उरलेले अर्धे पैसे तिथे वसूल होतात.

सुरुवात कागदांपासून. परवानग्या दोन लागतात आणि एक असली म्हणजे दुसरी चालते असं नाही. पहिली एन्व्हायर्नमेंट एजन्सीची रॉड लायसन्स. १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ती हवी, १३ ते १६ वयाच्या मुलांना फुकट मिळते, पण काढावी लागतेच. विनापरवाना सापडलात तर दंड २,५०० पाउंडांपर्यंत जातो. दुसरी परवानगी क्लबची, कारण मासेमारीचा हक्क काठाच्या जमिनीशी जोडलेला असतो आणि क्लब तो विकत किंवा भाड्याने घेतो. सार्वजनिक पायवाट नदीला लागून गेली म्हणून तिथे गळ टाकता येत नाही. वार्षिक फी क्लबनुसार बरीच बदलते आणि पहिल्या वर्षी वेगळी प्रवेश फी घेणारे क्लबही आहेत, त्यामुळे आधी विचारून घ्या.

आता आपल्या लोकांचा पहिला प्रश्न: मासा घरी आणता येतो का? नाही. कायद्याने नदीतून दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंतचे १५ छोटे मासे आणि ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक नेता येतो, पण बहुतेक क्लबांचा नियम याहून कडक आहे. धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात. कालवणासाठी मासे हवे असतील तर समुद्रावर मॅकरेलला जा, नदीचा क्लब त्यासाठी नाही. हे मनाशी पक्कं करूनच फी भरा, नाहीतर पहिल्याच महिन्यात बेलिफशी (काठावर नियम तपासत फिरणाऱ्या माणसाशी) वाद होईल आणि पुस्तक जप्त होईल.

पुस्तक म्हणजे क्लबबुक. त्यात प्रत्येक पट्ट्याचा नकाशा, गाडी लावायची जागा, फाटकाच्या कुलपाचा नंबर आणि त्या त्या पाण्याचे नियम असतात. ते नीट वाचा. एकाच क्लबच्या दोन पट्ट्यांवर नियम वेगळे असतात: एकीकडे रात्री बसता येतं, दुसरीकडे सूर्यास्तानंतर तासाभरात निघावं लागतं; एकीकडे दोन रॉड, दुसरीकडे एकच. फाटक उघडल्यावर लगेच लावणं आणि कुलपाचे आकडे फिरवून ठेवणं यावर सगळे फार काटेकोर असतात, आणि ते बरोबरच आहे. शेतकऱ्याच्या गाई रस्त्यावर गेल्या तर क्लबचा भाडेकरारच धोक्यात येतो.

या नद्यांचा राजा बार्बेल. चार मिशा, चपटं पोट, तळाला चिकटून राहणारा आणि अंगापेक्षा जास्त ताकदीचा मासा. त्याच्यासाठी ११ ते १२ फुटांचा, दीड ते पावणेदोन पाउंड टेस्ट कर्व्हचा (टोक काटकोनात वाकवायला लागणारं वजन) रॉड, १० ते १२ पाउंड वजन पेलणारी मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन, टोकाला उलटा दाता नसलेला ८ किंवा १० नंबरचा गळ आणि ६० ते ९० सेंटिमीटरची हुकलिंक (गळ बांधायचा शेवटचा दोरा) पुरते. याहून बारीक लाइन लावून ‘खेळ रंगतो’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. बारीक लाइनवर मासा दमेपर्यंत ओढला जातो आणि सोडल्यावर मरतो.

फीडर, म्हणजे आमिष भरून लाइनवर लावायची वजनदार डबी, किती जड हवा हा नव्या माणसाचा नेहमीचा घोळ. प्रवाहात फीडर गडगडला की लोक दोन औंसांवरून तीनवर, तीनवरून चारवर जातात. खरं कारण वजन नसून लाइनवर येणारा पाण्याचा रेटा हे असतं. फीडर थोडा वरच्या अंगाला टाका, तळाला टेकला की दोन-तीन मीटर लाइन सैल सोडा म्हणजे पाण्यात तिची कमान होईल, आणि रॉडचं टोक उंच ठेवा. तोच दोन औंसांचा फीडर जागेवर बसतो. शिवाय तो जेमतेम टिकलेला असल्यामुळे माशाने ओढताच जागेवरून निसटतो आणि टोक वाकण्याऐवजी एकदम सैल पडतं. सैल पडलं तरी तो घासच आहे, लगेच उचला.

फीडर लाइनला पक्का बांधायचा नाही. तो सरकत्या स्विव्हलवर (फिरत्या कडीवर) हवा, आणि स्विव्हल ते फीडर हा तुकडा मूळ लाइनपेक्षा कमजोर, चार-पाच पाउंडांचा. फीडर मुळांत अडकला तर फक्त हा तुकडाच तुटतो आणि मासा हाती येतो. मूळ लाइन तुटलीच तरी माशाला फीडर ओढत फिरावं लागत नाही. बेलिफ हे तपासतात. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने मोनो तापून तिथेच कमजोर होते. दर तासाला शेवटचा मीटरभर भाग नखावरून ओढून पाहा. तळाच्या खड्यांवर आणि शिंपल्यांवर घासून तो खरखरीत झाला असेल तर कापून टाका, हुकलिंक नव्याने बांधा.

शिशाबद्दल एक कायदा लक्षात ठेवा. ०.०६ ग्रॅमहून जास्त आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, कारण राजहंस ती खड्यांबरोबर गिळून विषबाधेने मरत होते. गावाहून आणलेली शिशाची छोटी वजनं इथे वापरायची नाहीत.

आमिषात सगळ्यात कामाचं म्हणजे हेम्प, भांगेचं बी. ते शिजवून घ्यावंच लागतं. अर्धा लिटर बी २४ तास भिजत घाला, त्याच पाण्यात उकळी आणा, मग मंद आचेवर अर्धा तास. दाणा फुटून आतला पांढरा कोंब दिसला की गॅस बंद. पाणी फेकू नका, थंड होईपर्यंत बी त्यातच राहू द्या. तेल आणि वास त्यात उतरलेला असतो. कोंब न दिसलेलं कच्चट बी तळाला न बसता वाहून जातं आणि मासेही त्याच्यामागे खाली निघून जातात. नदीवर पोचल्यावर बेट-ड्रॉपरने (तळाला टेकल्यावर उघडणाऱ्या डबीने) हेम्प आणि बारीक पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) एकाच जागी आठ-दहा वेळा तळाला सोडा आणि मग तासभर गळच टाकू नका. ही शिस्त फार थोडे पाळतात. मासे निर्धास्त होऊन खायला लागले की पहिल्या फेकीलाच ओढ येते. घाई केली तर पहिला मासा लागताच बाकीचे उधळतात.

गळावर ६ किंवा ८ मिलिमीटरचं पेलेट केसासारख्या बारीक दोऱ्यावर, किंवा लंचन मीटचे (डबाबंद मांसाचे) अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे. हे तुकडे हळद आणि करी मसाल्यात घोळवायची पद्धत इथल्या जुन्या इंग्रज गळकऱ्यांचीच आहे, आणि गढूळ पाण्यात ती खरोखर चालते. आपल्या घरातला मसाला उत्तम.

मॅगट, म्हणजे माशीच्या अळ्या, पाइंटच्या मापाने मिळतात. डब्याच्या झाकणाला बारीक भोकं असावीत आणि आत मक्याचं पीठ भुरभुरावं. डबा ओला झाला की अळ्या कडेने सरळ वर चढतात, मग गाडीभर होतात. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत कोष बनायला लागतात. ते फेकू नका, रोच माशाला कोषच जास्त आवडतात.

जिथे सिग्नल क्रेफिश फार आहेत तिथे मऊ आमिष पाच मिनिटं टिकत नाही, कडक पेलेटच लावावं. हा अमेरिकेतून आलेला खेकड्यासारखा प्राणी गळाला लागला तर परत पाण्यात सोडणं बेकायदा आहे. आणि परवान्याशिवाय त्याच्यासाठी सापळे लावणंही.

हिवाळ्यात बार्बेल मंदावतो, तेव्हा चब नावाचा मासा धरायचा. ब्रेडचा गुबगुबीत तुकडा, एकदोन छोटी बिनशिशाची वजनं, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलायची. एका जागी बसून राहणाऱ्याला जानेवारीत काही मिळत नाही.

मासा हाताळण्याबद्दल क्लब कडक आहेत आणि मला हे सगळ्यात पटलं. बार्बेल जीव तोडून झुंजतो. त्याला लगेच बाहेर काढून फोटो काढला तर सोडल्यावर उलटा होतो. जाळ्यातच, वाहत्या पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून त्याला उभा धरा. पुढे-मागे हलवू नका, कल्ल्यांत पाणी उलट्या दिशेने जातं. कधी दोन मिनिटं, कधी दहा. मग ओल्या मॅटवर ओल्या हातांनी गळ काढा आणि पुन्हा तसाच पाण्यात धरा, स्वतःच्या ताकदीने हात सोडवून जाईपर्यंत. त्याच्या पाठीच्या पहिल्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, ते जाळीत अडकतात. म्हणून त्याला कीपनेटमध्ये (धरलेले मासे पाण्यात ठेवायच्या लांब जाळ्यात) कधीच ठेवत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २० अंशांच्या वर गेलं की प्राणवायू घटतो. थर्मामीटर जवळ ठेवा आणि तेवढं दिसलं की बार्बेलचा नाद सोडून घरी या.

आता वर्क पार्टी. जूनच्या शेवटापासून जुलैभर हिमालयन बाल्समची उपटणी चालते. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, १८३९ मध्ये बागेसाठी हिमालयातून इथे आणलेला. उंची दोन मीटरच्या पुढे जाते, शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं. हिवाळ्यात झाड मरतं आणि काठ उघडा पडतो, पुराने माती सुटते आणि तळाच्या खड्यांमध्ये गाळ बसतो. बार्बेल आणि चब मे-जूनमध्ये त्याच खड्यांत अंडी घालतात, गाळाखाली ती गुदमरतात. त्यामुळे ही उपटणी म्हणजे मासे वाढवायचंच काम आहे. मुळं उथळ असतात, एका हाताने निघतात, पण खालच्या पेऱ्याच्या वर मोडलं तर पुन्हा फुटतं. काम नेहमी वरच्या अंगाकडून खाली करत यायचं, कारण बी पाण्यातून वाहत येतं. बी जमिनीत साधारण दोन वर्षं टिकतं, म्हणजे सलग दोन-तीन उन्हाळे गेले की पट्टा साफ होतो. एक वर्ष खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

विलोच्या फांद्या पक्ष्यांची घरटी रिकामी झाल्यावर, सप्टेंबर ते फेब्रुवारीत छाटतात. पाण्यावर वाकलेली प्रत्येक फांदी काढायची नसते, तिच्याच सावलीत मासा राहतो. गळ टाकण्यापुरती खिडकी करायची, बस. वेडर (पाणी न शिरणारी बुटांसकटची पँट) घालून पाण्यात उतरून हे काम करताना तळ पायाला कळतो: इथे खडे, इथे चिकणमाती, इथे गुडघ्याचा एकदम छातीएवढा खड्डा. ही माहिती कुठल्याही नकाशात नाही, आणि सोबत काम करणारी जुनी माणसं बोलायला लागतात ती तिथेच. क्लबहाउसमध्ये आखडलेला माणूस करवतीच्या दुसऱ्या टोकाला असला की जागा दाखवून देतो.

याहून मोलाचं काम रिव्हरफ्लाय तपासणीचं, म्हणजे तळाच्या किड्यांवरून पाण्याची तब्येत पाहायचं. एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं की महिन्यातून एकदा तीन मिनिटं पायाने तळ ढवळून जाळीत किडे गोळा करायचे, एक मिनिट दगड हाताने तपासायचे, आणि ट्रेमध्ये आठ गटांचे किडे मोजायचे. गुण ठरलेल्या पातळीखाली गेले की एजन्सीला कळवायचं. सांडपाणी काल रात्री सोडून आज पाणी स्वच्छ दिसत असलं तरी किडे गायब झालेले असतात. पाण्यात फेस, वास किंवा मेलेले मासे दिसले तर थांबू नका, ०८०० ८० ७० ६० हा चोवीस तासांचा नंबर फोनमध्ये असू द्या. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशनच्या पाठबळावर डर्बीच्या एका क्लबने १९५२-५३ मध्ये कारखाना, नगरपालिका आणि वीज प्राधिकरण अशा तिघांविरुद्ध डरवेंट नदीच्या प्रदूषणाचा खटला जिंकला. क्लबकडे मासेमारीचा मालकीहक्क असतो म्हणून हे शक्य होतं. एकटादुकटा माणूस फक्त तक्रार करू शकतो.

तक्रारीही आहेत. जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत चांगल्या जागा पहाटे चारलाच भरतात. नवीन माणसाला कोण कुठे काय हे सांगायची व्यवस्था नाही, सगळं तोंडी चालतं. बैठकांत नवी मुलं दिसत नाहीत, आणि आपल्यासारख्या चेहऱ्याचं कोणी तर अपवादानेच. बेलिफ कधी कधी आपलंच पुस्तक आधी मागतो. शांतपणे दाखवा, दोन वर्क पार्ट्यांनंतर हे थांबतं.

जिवाची काळजी घ्या. विजेच्या तारांपासून ३० मीटर लांब राहा, कार्बनच्या रॉडमधून वीज सरळ उतरते. लेप्टो इथेही आहे, उंदरांच्या मुतामुळे. हातावर कापलं असेल तर पट्टी लावा आणि डबा खाण्याआधी हात धुवा. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नदीची पातळी पाहा. चढत्या गढूळ पाण्यात मासे लागतात, पण चिकणमातीच्या काठावरून पाय घसरतो तोही तेव्हाच.

अर्ज मार्च-एप्रिलमध्ये करा. १५ मार्च ते १५ जून नदी बंद असते, पण कामं चालू असतात, तेव्हा पहिल्या वर्क पार्टीला जा आणि मगच रॉड विकत घ्या. जाळं मात्र पहिल्या दिवसापासून चांगलं घ्या: बिनगाठीचं, खोल, रुंद तोंडाचं. दुसऱ्या नदीवर नेण्याआधी ते तपासा, धुवा आणि खडखडीत वाळवा.