रोटा-अडेनो रॅपिड कार्ड: छोट्या दवाखान्याच्या कामाचं

येरवड्यासारख्या वस्तीतल्या दवाखान्यात, जिथे लॅब नाही, तिथे हे कार्ड घ्यावंच: बाळाच्या जुलाबामागे रोटा किंवा अडेनो विषाणू आहे का, हे ते शीच्या नमुन्यावरून सांगतं. साठवण 2 ते 30 अंशांत. पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलं तर वाया गेलंच समजा.

खरी गोम नमुन्यात आहे. जेलचा डायपर पातळ शी पिऊन टाकतो, म्हणून आत प्लास्टिक अंथरा. दोन थेंब पातळ शी कार्डासोबतच्या बाटलीतल्या द्रावात टाकून हलवा, दोन मिनिटं गाळ बसू द्या, मग वरचं निवळ तेवढंच कार्डावर. घाईत गुठळी गेली की पट्टी तुंबते, सी रेघ (चाचणी नीट चालल्याची खूण) उमटत नाही, कार्ड बाद. निकाल कार्डासोबतच्या माहितीपत्रकातल्या वेळेतच वाचा. उशिरा दिसलेली पुसट रेघ धरू नका.

रोटा आला तर अँटिबायोटिक टाळता येतं, हा मोठाच फायदा. नाही आला तरी नोरोव्हायरस, म्हणजे जुलाबाचाच दुसरा विषाणू, असू शकतो. ओआरएस मात्र निकालाआधीच सुरू करा. झिंक 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम. आणि हो, लसीचं कार्ड बघा: 6, 10, 14 आठवड्यांच्या रोटा डोसनंतर काही दिवस लसीतलाच विषाणू रेघ दाखवू शकतो.