परसबाग आणि देवराई

कोकणातल्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथे वाहत जातं, तिथे अळू असतो आणि त्याच्या पुढे केळ. वेगळं पाणी घालावं लागत नाही. अंघोळी उरकल्या की शिंपणंही झालं. पुढे अंगणात तुळस, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता. इथलं नातं रोजच्या देण्याघेण्याचं: पूजेला फूल, फोडणीला पान, शेजारणीने मागितलं तर रोपसुद्धा.

देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, नेमकं उलट. फांदी तोडायची नाही, काही गावांत तर पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, ते देवाचं. हात आवरायचा, एवढीच मशागत. म्हणून तर आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी राईत जुने वृक्ष आणि गारंबीसारखे अजस्र वेल टिकले. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अशा राया अभ्यासल्या.

घर बंद पडलं की परसबागेचं रान होतं. देवराईला मात्र भक्तीच नडते: जुन्या घुमटीच्या जागी सिमेंटचं देऊळ येतं, मग सभामंडप, मग गाड्यांसाठी जागा.

हल्ली ओळीने रोपं लावून ‘देवराई’ उभी करतात. लागवड चांगलीच, पण दर उन्हाळ्यात टँकर लागतो ते काम परसबागेच्याच जातीचं. घरामागे जागा असेल तर अळू-केळीने सुरुवात करा. गावात जुनी राई असेल, तर तिथे झाड लावायलाही जाऊ नका.