कुंभार्ली घाटात दोन टायर: एक जास्त चालणारा, एक जास्त धरणारा

आमच्या घरात दोन गाड्या आहेत, दोन्ही २०१९ च्या पेट्रोल स्विफ्ट, दोन्हींना १८५/६५ आर१५ मापाचे टायर. एक माझ्याकडे चिपळूणला, दुसरी धाकट्या भावाकडे कराडला. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही गाड्यांचे टायर एकदमच बदलायला आले. भावाने दुकानदाराने पुढे केलेला ‘याला साठ हजार किलोमीटर मरण नाही’ छापाचा कडक रबराचा टायर घेतला. मी ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी विकला जाणारा, जरा मऊ आणि महाग टायर घेतला. तेव्हापासून एक पूर्ण पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळा झाला. दोन्ही गाड्या साधारण चौदा हजार किलोमीटर चालल्या आहेत आणि मधेमधे आम्ही गाड्यांची अदलाबदलही केली. त्यामुळे दोन्ही टायर मी स्वतः चालवलेत, कराड-चिपळूण वाटेवरच्या त्याच कुंभार्ली घाटात, त्याच पावसात.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. जवळजवळ प्रत्येक कंपनी या दोन्ही प्रकारचे टायर विकते, त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली’ म्हणून टायर घेण्यात फारसा अर्थ नाही. त्याच कंपनीचं कोणतं मॉडेल घेता यावर सगळं ठरतं. खाली भावाचा तो पहिला टायर आणि माझा तो दुसरा असं धरून वाचा.

सुरुवात ब्रेकपासून, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. जुलैमध्ये एका रविवारी सकाळी खेर्डी एमआयडीसीतल्या रिकाम्या सरळ रस्त्यावर आम्ही दोघांनी दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या. रस्ता ओला होता, पाणी साचलेलं नव्हतं. दोन्ही गाड्यांत हवा सारखी, आत फक्त चालवणारा. ताशी ६० वर नेऊन एका खुणेला ब्रेक पूर्ण दाबायचा आणि गाडी थांबली की टेपने मोजायचं. दर वेळी आकडे थोडे पुढेमागे झाले, पण सरासरी काढली तर दुसऱ्या टायरवर गाडी वीसेक मीटरमध्ये थांबत होती आणि पहिल्यावर चोवीसच्या आसपास.

चार मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. एका स्विफ्टच्या लांबीपेक्षा थोडेसेच जास्त. पण गणित करून बघा. ६० च्या वेगावरून जी गाडी २४ मीटरवर थांबते, ती २० व्या मीटरला अजून ताशी २४ किलोमीटरने चाललेली असते. म्हणजे माझी गाडी जिथे पुढच्या ट्रकच्या मागे उभी राहिली असती, तिथे भावाची गाडी २४ च्या वेगाने त्या ट्रकमध्ये घुसली असती. दोन्ही गाड्यांना एबीएस आहे, ब्रेक पॅड सारखेच आहेत. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण टायरकडे नसलेली पकड ते कुठून आणणार?

घाटात हाच फरक वेगळ्या रूपात कळतो. कराडहून येताना पाटण, कोयनानगर, हेळवाक करत घाटमाथा गाठला की पुढे पोफळीपर्यंत नुसता उतार आणि वळणं. पावसाळ्यात इथे डोंगरावरून लाल माती वाहून रस्त्यावर येते, ट्रकच्या चाकांनी ती पसरते आणि डांबरावर तिचा पातळ चिकट थर बसतो. भावाची गाडी घेऊन उतरताना अशा थरावर ब्रेक लावला की पायाखाली एबीएसची थरथर लगेच जाणवायची, अगदी तीस-पस्तीसच्या वेगालाही. माझ्या गाडीत त्याच वळणांवर ती थरथर क्वचितच आली. पहिल्या टायरवर गाडी वळणात समोरून थोडी बाहेर सरकते, स्टीअरिंग अचानक हलकं लागतं आणि मग पकड परत येते. गाडी हाताबाहेर जात नाही, पण वळण संपेपर्यंत आपण श्वास धरून बसतो. पावसात दुसऱ्या टायरवर मी घाट तिसऱ्या गिअरमध्ये आरामात उतरते. भावाच्या गाडीत दुसरा गिअर टाकून इंजिनावर उतरावंसं वाटतं, आणि तसंच उतरावं.

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस तर दोन्ही टायरांना वाईटच. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेलं तेल आणि रबराचा भुगा त्या वेळी वर येतो. गतिरोधकाआधीचे पांढरे जाड पट्टे आणि पुलांचे लोखंडी जोड यांवर दुसरा टायरही सरकतो. महाग टायर घेतला म्हणून तिथे बिनधास्त व्हायचं नाही.

कोरड्या रस्त्यावर मात्र चित्र बदलतं. पहिल्या टायरची साइडवॉल (म्हणजे टायरची बाजूची भिंत) कडक असल्याने स्टीअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते, गावात आणि बाजारपेठेत ती जास्त चपळ वाटते. दुसरा टायर आधी जरा दबतो, मग वळतो. पहिले काही दिवस मला हे खटकत होतं, नंतर सवय झाली. खड्ड्यांतून जाताना दुसरा टायर नक्की मऊ आहे. माझ्या आईच्या कमरेला त्रास आहे आणि ती माझ्याच गाडीत बसायला मागते, यापेक्षा वेगळा दाखला द्यायची गरज नाही. आवाजाचं म्हणाल तर काँक्रीटवर ऐंशीच्या पुढे पहिला टायर एकसारखा घुमतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीट पट्ट्यावर गाणी लावली की आवाज वाढवावा लागतो. डांबरावर फरक नाही म्हटलं तरी चालेल.

मऊ साइडवॉलची किंमत मी दिवाळीत मोजली. रात्री एका पुलाच्या जोडाशी असलेला खड्डा दिसला नाही आणि पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, त्यावर कसलाही पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो. वॉरंटीत सहसा बसत नाही, कारण ते आघाताने झालेलं नुकसान धरतात. सहा हजार तीनशेचा भुर्दंड पडला. त्याच खड्ड्यातून भावाची गाडीही गेली आहे आणि तिच्या टायरला काही झालेलं नाही. एका घटनेवरून नियम काढता येत नाही, पण ज्यांच्या वाटेवर रोज खड्डे आहेत त्यांनी याचा विचार करावा. विमा काढताना टायरसाठीचं वेगळं संरक्षण मिळतं. मऊ टायर घेणाऱ्याने ते घ्यावं असं माझं मत.

आता पैशांचा हिशेब. भावाला एक टायर ५,६०० ला पडला, मला ६,९०० ला. दोन्ही किमती तेव्हाच्या २८ टक्के जीएसटीसकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे मूळ किंमत तीच राहिली तर ६,९०० चा टायर आज ६,३६० च्या आसपास मिळायला हवा. बिल घेताना कराचा आकडा बघून घ्या.

खाचांची खोली मोजायचं गेज दोनेकशे रुपयांत मिळतं. नवा असताना पहिला टायर ८ मिलिमीटर होता, आता ६.३ आहे. दुसरा ७.८ होता, आता ५.४. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात ते याच मापाचे. झीज अशीच राहिली तर पहिला टायर १.६ पर्यंत पोचायला बावन्न हजार किलोमीटर घेईल आणि दुसरा छत्तीस हजार. दुकानदार हाच हिशेब सांगतो आणि या हिशेबात पहिला टायर सहज जिंकतो.

पण कोकणातल्या पावसात १.६ मिलिमीटरवर गाडी चालवणं मला मान्य नाही. खाचांचं काम पाणी बाजूला ढकलणं. खाच उथळ झाली की पाणी टायरखालीच राहतं आणि गाडी त्यावर तरंगायला लागते. म्हणून मी ३ मिलिमीटर ही माझी हद्द धरते. त्या हिशेबाने पहिला टायर एक्केचाळीस हजार चालेल, दुसरा अठ्ठावीस हजार. चार टायरांचा खर्च किलोमीटरला पहिल्याचा ५५ पैसे, दुसऱ्याचा ९९ पैसे. फुग्यापायी गेलेला टायर धरला तर माझ्या आकड्यात आणखी २२ पैसे मिळवा.

इंधनातही पहिला थोडा पुढे आहे. टाकी फुल ते टाकी फुल मोजून भावाच्या गाडीला लिटरला १९ मिळतात, त्याच वाटांवर माझ्या गाडीला १८.६. पेट्रोल १०५ धरलं तर किलोमीटरला बारा पैशांचा फरक. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला, फुगा सोडून, दुसरा टायर वर्षाकाठी पावणेसात हजारांनी महाग पडतो. माझ्यासाठी ते पैसे त्या चार मीटरचे आहेत आणि मी ते पुन्हाही मोजेन.

पकड आणि इंधनबचत यांचं पूर्वी हाडवैर असायचं. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात सिलिका (वाळूतल्याच द्रव्याची बारीक पूड) घातलेला टायर बाजारात आणला आणि हे वैर बरंच मिटलं. सिलिकामुळे टायर फिरताना ऊर्जा कमी खातो आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. म्हणून तर माझ्या मऊ टायरचा इंधनाचा तोटा इतका कमी आहे. दुकानात रबरात सिलिका आहे का हे नक्की विचारा.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी छापलेली असते, गिऱ्हाईक दुकानात उभं राहून तुलना करू शकतं. आपल्याकडे एआयएस-१४२ या मानकामुळे ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना ओल्या पकडीची किमान पातळी गाठावी लागते, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या पातळीच्या किती वर कोणता टायर आहे हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नाही. फ्रिजसारखे जे तारे टायरला मिळू लागलेत ते मुख्यतः इंधनबचतीचे. जिथे वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो तिथे पकडीची श्रेणी टायरवर ठळक छापलीच पाहिजे. तोवर एकमेकांचे अनुभव वाचणं हाच मार्ग, म्हणून एवढं लांबण लावलं.

टायर कोणताही घ्या, हवेकडे लक्ष नसेल तर वरची सगळी चर्चा वाया. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरांवर काम करून एक सूत्र काढलं: साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३ पर्यंत खाली. कारला तो आकडा तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच. म्हणजे महिनोन्‌महिने हवा न बघितलेला महाग टायर हवा बरोबर असलेल्या स्वस्त टायरच्या आधी पाण्यावर तरंगू शकतो. दाब किती ठेवायचा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना बघा. नायट्रोजनसाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावायला सांगा. आपल्याकडचे बहुतेक टायरवाले नवे पुढे लावतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण पावसात पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की सावरते. मागची सरकली तर गाडी गोल फिरते आणि घाटात ती सावरायला जागाच नसते. माझा फुगलेला टायर बदलताना यावरून दुकानात बराच वाद झाला, शेवटी नवा टायर मागे गेला आणि मागचा त्यातल्या त्यात कमी झिजलेला टायर पुढे आला. बाजूवर छापलेला चार अंकी आकडाही वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. १२२५ म्हणजे २०२५ चा बारावा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल परत करा.

मग घ्यायचा कोणता? भाऊ आता कराडहून पुणे आणि कोल्हापूरच करतो, घाटात महिन्यातून एखादी फेरी. त्याच्यासाठी पहिला टायर ठीक आहे, फक्त पावसाळ्यात चिपळूणला येताना वेग दहाने कमी ठेव असं मी त्याला सांगितलंय. सोलापूर, लातूर, नगर अशा कोरड्या मुलखात राहणाऱ्यांनीही तोच घ्यावा, पैसे वाचतात आणि खड्ड्यांना टिकतो. समृद्धीवर नेमाने जाणाऱ्यांनी मात्र किती किलोमीटर चालेल यापेक्षा टायरचं वय आणि हवा आधी बघावी. तापलेल्या काँक्रीटवर १२० ने तासन्‌तास पळताना जुना किंवा कमी हवेचा टायर फुटतो, म्हणूनच २०२३ मध्ये तिथे प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या जात होत्या.

कोकणात, घाटमाथ्यावर, गोव्यात राहणाऱ्यांनी आणि घरातल्या नव्या चालकाच्या हाती गाडी देणाऱ्यांनी दुसरा टायर घ्यावा. माझा सेट पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरच्या जवळ येईल. तेव्हा जूनची वाट न बघता मेमध्येच बदलणार आहे आणि याच जातीचा घेणार आहे.