ओढलेला गांजा की घोटलेली भांग?

'ओढण्यापेक्षा भांग बरी, निदान छाती तरी खराब होत नाही.' होळीच्या आसपास दादरपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर हे ऐकू येतं. छातीपुरतं ते खरंही आहे.

धूर तंबाखूचा असो वा गांजाचा, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत असतं. त्यात गांजावाला कश खोल घेतो आणि आत कोंडून धरतो. रोज ओढणाऱ्याच्या मागे सकाळचा खोकला आणि बेडके लागतात ते यामुळेच. शिवाय आपल्याकडे सिगारेट रिकामी करायची, तंबाखूत माल चुरायचा आणि परत भरायचा, अशी पद्धत. म्हणजे निकोटीनची सवय फुकटात. उद्या गांजा सुटला तरी टपरी सुटत नाही.

इथवर भांगेची सरशी. पण ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि साधारण दोन-चार तासांत उतरतो. जास्त होतोय हे लगेच कळतं, हात आवरता येतो. भांग पोटातून यकृतात जाते आणि तिथे टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचं, आणखी जोरकस रूप तयार होतं. चढायला अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात 'काहीच होईना' म्हणत दुसरा ग्लास रिचवला जातो. मग दोन्ही एकदम चढतात: छाती धडधडते, घशाला कोरड पडते, आपण आता मरणार अशी खात्रीच पटते, आणि हे सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त चालतं. ठंडाईत नेमकी किती भांग पडली, हे घोटणाऱ्यालाही सांगता येत नाही. चोरून विकल्या जाणाऱ्या गमीजचंही, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचंही, तेच.

हृदयाचे ठोके दोन्हींनी वाढतात. हृदयविकार असेल तर ही तुलना इथेच थांबवा.

मनाच्या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही, कारण द्रव्य एकच. फरक पडतो तो किती कडक, किती वेळा आणि कुठल्या वयात यानं. बँकॉकहून आलेला 'हायड्रो', म्हणजे मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला गांजा, मुंबई विमानतळावर सारखा पकडला जातो, त्यात टीएचसीचं प्रमाण जुन्या देशी मालापेक्षा बरंच जास्त असतं. असा कडक माल रोज घेणाऱ्यांत भास, संशय, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांचा धोका कितीतरी वाढतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही नको, होळीलाही नको. पंचविशीच्या आतल्यांनाही हेच सांगेन, मेंदूची घडण तोवर चालू असते. व्यसन साधारण दहात एकाला लागतं. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहात एकाला.

राहिला कायदा. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत बसत नाही. पण ही पळवाट त्या कायद्यापुरती, शरीराला ती लागू नाही. भांग पिऊन बाईक काढणाऱ्याला तर कुठलीच सूट नाही.

रोजची सवय असेल तर प्रश्न 'कुठलं' हा नाहीच. सोडल्यावर पहिला आठवडा चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही; साधारण दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं. वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंच बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना गांजाचं खरं सांगा, नाहीतर पित्ताच्या गोळ्यांवर महिने जातील. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.