स्टार्टर पेटीचं भोक मोठं करायला प्लायची गाईड: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगली-मिरजेकडे पंपाच्या स्टार्टर पेट्या बसवणाऱ्यांची नेहमीची अडचण म्हणजे पेटीला 20 मिमीचं भोक तयार असतं, पण केबल जाड निघाली की ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरणारी फिटिंग) 25 किंवा 32 चा लागतो. होल सॉच्या, म्हणजे गोल दातेरी कटरच्या, पायलट ड्रिलला (मधल्या बारीक बिटला) टेकायला पत्राच उरत नाही. कटर नाचतो, पावडर कोटिंग खरवडतं, भोक लांबट होतं. इथे 18 मिमी प्लायचा तुकडा खरोखर कामाला येतो: त्यात हव्या मापाचं भोक पाडून तो पेटीवर बाहेरून आवळला की कटर त्या भोकात धरला जातो. हीच गाईड.

गाईडचं भोक त्याच होल सॉने, पण पिलर ड्रिलवर (उभ्या खांबावरच्या ड्रिल मशीनवर) पाडावं. हाताने पाडलं तर किंचित तिरकं जातं आणि पुढच्या प्रत्येक पेटीत तो तिरकेपणा उतरतो. त्याआधी सेंटरमधून काटकोनात दोन रेघा थेट प्लायच्या कडेपर्यंत ओढाव्यात. मधला भाग निघाला तरी रेघांची टोकं राहतात. पत्र्यावरही भोकाच्या सेंटरमधून तशाच रेघा ओढून त्यांच्याशी ती जुळवली की झालं.

मग पायलट काढायचा, पेटीच्या आतून 12 मिमी प्लाय लावायचा आणि दोन सी-क्लॅम्प आवळायचे. एकाच क्लॅम्पवर गाईड फिरते. आतला प्लाय टाळला तर शेवटी पत्रा एका बाजूने आधी सुटतो, दात अडकतात आणि मशीन मनगट पिरगाळतं. साइड हँडल हवंच. सुती हातमोजे मात्र नकोत.

साध्या पत्र्यावर बायमेटल कटरला 25 मिमीसाठी साधारण 350 आरपीएम, 32 साठी 275. स्टेनलेसला त्याच्या निम्मे. छोटं ड्रिल पूर्ण वेगात फिरवलं की दात निळे पडलेच म्हणून समजा. कटिंग ऑइल दातांना लावावं, प्लायवर ओतू नये.

प्लायची खरी उणीव म्हणजे झीज. दात घासून भोक सैल होतं आणि कटर पुन्हा डगमगतो. खालच्या बाजूला 6 मिमी हायलमची (कडक लॅमिनेट शीटची) पट्टी स्क्रूने बसवून दोन्हींतून एकदमच भोक पाडलं, तर गाईड कितीतरी जास्त टिकते.

कापलेली चकती कटरमध्ये अडकते. बाजूच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरने ढकलावी, ती चांगलीच तापलेली असते. बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कूस, अर्धगोल कानशीने काढून उघड्या कडेला लगेच प्रायमर लावावा.

दरवाजाच्या मधोमध क्लॅम्प पोचत नाही. तिथे गाईड सोडून द्यावी, आतून प्लाय घट्ट टेकवून पायलटला त्या लाकडातच धरू द्यावं. आणि एकाच मापाची भोकं रोज पाडायची असतील तर नॉकआउट पंच (बोल्ट आवळून पत्रा दाबून कापणारं हत्यार) घेतलेला बरा.