मिलीमीटरचा हिशोब नीट सांगणारं क्लिनिक

मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षबागायतदार. मिलीमीटर आम्हाला नवा नाही. मणी 18 चा झाला की जीव भांड्यात पडतो. पण गेल्या वर्षी बायकोच्या आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीत 11 मिलीमीटर सूज निघाली आणि एका डॉक्टरांनी "एक किडनी गेलीच समजा" असं तोंडावर सांगून टाकलं. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मग नाशिकला गंगापूर रोडवरच्या या लहान मुलांच्या किडनीच्या क्लिनिकमध्ये आलो. मॅडमनी कागदावर आकडेच मांडले. किडनीत लघवी जिथे जमते त्या भागाची रुंदी शेवटच्या तिमाहीत 7 च्या आत असावी, 15 च्या वर गेली तर जास्त काळजी, आमची मधली. बऱ्याच बाळांची सूज आपोआप उतरते, काहींना ऑपरेशन लागतं, आपलं कुठलं ते जन्मानंतरच कळेल. गर्भजल पुरेसं होतं, दुसरी किडनी चांगली, मूत्राशयही भरून रिकामं होत होतं. मुलगा असेल तर मूत्रमार्गात लघवी अडवणाऱ्या पडद्याची शंका घ्यावी लागते, पण मुलगा की मुलगी हे कायद्यानं सांगता येत नाही, म्हणून त्या मूत्राशय आणि गर्भजल यांच्याकडेच पुन्हा पुन्हा बघत होत्या.

मुलगी झाली. आईचा हट्ट, सोनोग्राफी आजच करा. मॅडमनी साफ नाही म्हटलं: पहिले दोन दिवस बाळाला लघवीच कमी होते, सूज असते त्यापेक्षा कमी दिसते. पाचव्या दिवशी 10 आली, सहा आठवड्यांनी 8, आता वर्षाची झाली तर 5. रोजचं अँटिबायोटिक दिलं नाही. मात्र ताप आला की आधी लघवी तपासायची, अशी ताकीद. चौथ्या महिन्यात ताप आलाच. पिशवी लावून घेतलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून नर्सताई डबी धरून तब्बल 40 मिनिटं बसल्या. कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी, स्वच्छ आलं.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. बाकावर शेजारी सुरगाण्याचं जोडपं असायचं. त्यांच्या मुलाच्या दोन्ही किडन्या सुजलेल्या. जन्मल्यावर आठवड्यात दुर्बिणीनं पडदा काढला. लघवी मोकळी झाली, पण पोटात असतानाच किडनीचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, तपासायला त्यांच्या फेऱ्या सुरूच आहेत. त्यांच्याशीही मॅडम तितक्याच शांतपणे बोलतात, खोटा धीर देत नाहीत.

तक्रारी आहेतच. अपॉइंटमेंट अकराची, नंबर दीड वाजता. काउंटरवर फोन उचलत नाहीत. सोनोग्राफीचे पैसे वेगळे, हे आधी सांगत नाहीत. पार्किंग तर विचारूच नका.

जाणार असाल तर गरोदरपणातले सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आमचा एक कपाटात राहिला होता. मॅडमनी मला तो आणायला पिंपळगावला परत पाठवलं.